बबनकाकांचा थांबा

या गोष्टीला दीड महिना होऊन गेला. मंगळवारी सकाळी बँकेत काउंटर उघडायच्या आधी फोन वाजला तो 'व्हॅन पालक' या ग्रुपचा. सात-आठ वर्षांत त्या ग्रुपवर कुणी चकार शब्द लिहिला नव्हता. मुलं मोठी झाली, व्हॅन बंद झाली, ग्रुप तेवढा राहिला. "बबनकाका काल गेले. उलव्याला, मुलाच्या घरी. झोपेतच." खाली भराभर जोडलेले हात उमटू लागले. मी उगाच वर वर सरकवत गेले आणि एका जागी बोट थांबलं. माझाच जुना मेसेज होता. "व्हॅन रोज करावे गावामागे थांबते. आज अकरा मिनिटं उभी होती. का, ते कुणाला माहीत आहे का?"

सई पहिलीत गेली तेव्हा आम्ही नुकतेच सीवूड्सला राहायला आलो होतो. दोघांच्या नोकऱ्या, घरात तिसरं माणूस नाही. शेजारणीनं बबनकाकांचं नाव सांगितलं. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटमध्ये बरीच वर्षं माथाडी म्हणून काढलेले, आता स्वतःची शाळेची व्हॅन. ते घरी आले आणि माझ्याशी काही ठरवायच्या आधी सईसमोर उकिडवे बसले. "गाडीत उलटी हुती का गं तुला?" सईनं मान डोलावली. "मग खिडकी तुझी." ती खिडकी पुढची सहा वर्षं तिचीच राहिली. मी मात्र त्यांना इतक्या वर्षांत नीट पाहिलं ते दोन-तीनदाच. सकाळी सातला गेटवर हात हलवायचा, की माझा संबंध संपला. दुपारी ते तिला पाळणाघरात सोडायचे, आणि मी तिला थेट संध्याकाळी साडेसातला भेटायचे. तिच्या मोज्यांवर बऱ्याचदा काळा चिखल वाळलेला असायचा. विचारलं की म्हणायची, "पीटी होती." आठवड्यातून चार-चार दिवस पीटी कशी असते, हे विचारायला मला सुचलं नाही. मोजे भिजत घालायचे आणि स्वयंपाकाला लागायचं...

सई पाचवीत असताना व्हॅनमध्ये जीपीएस बसवणं शाळेनं सक्तीचं केलं. फोनवर एक निळा ठिपका दिसायचा. पहिले काही दिवस मला त्या ठिपक्याचं वेडच लागलं. कर्जाच्या फायली तपासताना मध्येच तो बघायचा, तो रस्त्यानं सरकत असला की बरं वाटायचं, जणू मीच तिच्या शेजारी बसले आहे. आणि मग लक्षात आलं, ठिपका रोज एकाच जागी थांबतो. शाळेच्या वाटेवर नसलेल्या जागी. करावे गावाच्या मागं, खाडीच्या काठाला. चार दिवस मी पाहिलं, पाचव्या दिवशी तो मेसेज लिहिला. तासाभरात ग्रुपवर शंभर उत्तरं. कुणी लिहिलं पोलिसांत जा, कुणी लिहिलं हा माणूस आधीपासूनच विचित्र वाटायचा. मी तसं काही लिहिलं नाही, पण कुणाला थांबवलंही नाही.

रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये काकांना बोलावलं. बसायला खुर्ची दिली होती, ते उभेच राहिले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "थांबवतो. रोजच थांबवतो. पोरांस्नी जरा खाली सोडतो. चिंबोऱ्या बघत्यात, चिखलात पळत्यात. तिथं एक म्हातारी जाळं विणीत बसती, भरतीचं तिला कळतं. ती 'पानी भरतंय, वर घे पोरांना' म्हनली की गाडीत घालतो आन् निघतो."

"आणि काही झालं तर? जबाबदार कोण?" एका वडिलांनी विचारलं.

"मीच की."

"असं चालत नाही काका."

कुणा एकाकडे न बघता काका म्हणाले, "शाळेतनं क्लासला, क्लासातनं घरला, घरनं परत क्लासला. ह्या पोरांस्नी मधी कुटं थांबायाच मिळत न्हाई. मी काय लई करीत न्हाई साहेब, धा मिन्टं थांबवतो."

माझ्या मनात आलं होतं, की उठावं आणि विचारावं, भरती-ओहोटी बघून थांबत असाल तर आठवड्यातून दोनदाच थांबा, आमच्यापैकी एक जण येत जाईल. पण सोमवारी ऑडिट होतं, दुपारी कोण येणार... मी उठले नाही. ठरलं, की उद्यापासून व्हॅन कुठंही थांबणार नाही. काकांनी मान डोलावली. त्यांनी शब्द पाळला. त्यानंतर ठिपका कधीच थांबला नाही, शाळेपासून पाळणाघरापर्यंत सरळ सरकत यायचा, आणि मोजे पांढरे राहू लागले. सईनं मला एवढंच विचारलं, "आई, तू सांगितलंस?" मी हो म्हटलं. तिनं पुढं काही विचारलं नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. दोन वर्षांनी शाळेनं स्वतःच्या बसेस आणल्या आणि काकांची व्हॅन बंद पडली.

पुढं मीच सईच्या मागं लागायचे, खाली जा, खेळ, जरा फोन बाजूला ठेव. ती वर न बघता म्हणायची, "खाली कोण आहे?" मी बाल्कनीतून पाहायचे. झोके नवे होते, जमिनीवर मऊ रबर अंथरलेलं होतं, कोपऱ्यात कॅमेरा होता. मुलं नव्हती. सगळी कुठल्या ना कुठल्या क्लासला होती, आणि त्या क्लासांची नावं मलाही पाठ होती, कारण सईला मीच तिथं घातलं होतं.

दोन वर्षांपूर्वी नेरूळच्या बाजारात काका भेटले. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला आधी ओळखलं ते त्यांनीच. "सई काय करती?" म्हटलं, पुण्याला असते, इंजिनिअरिंग. फार खूश झाले. मी धीर करून म्हटलं, "काका, त्या वेळी मी तो मेसेज..." त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "तुमचं बरोबर हुतं ताई. आई हाय तुमी." भाजीची पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. "पर माझंबी चुकलं नव्हतं." रागाचा लवलेश नव्हता त्या बोलण्यात. मी 'घरी या' म्हटलं, ते 'येतो की' म्हणाले. दोघांनाही माहीत होतं, की तसं काही होणार नाही.

ते गेल्याचं कळवल्यावर सई पुण्याहून आली आणि म्हणाली, आपण जायचं. उलव्याला उंच इमारतीत त्यांच्या मुलाचं दोन खोल्यांचं घर आहे. काकींनी सईला जवळ घेतलं, तिचे खांदे चाचपत म्हणाल्या, "खिडकीतली ना गं तू?" मग त्या काकांबद्दल बोलत राहिल्या. नऊ वर्षांचे असताना चुलत्याचं बोट धरून गावाहून मुंबईला आले होते. पहिल्याच आठवड्यापासून मार्केटमध्ये डोक्यावर पाट्या. "आमच्या माणसाला खेळ कुटला ठावं? गोट्यासुदिक धरता येत न्हवत्या," काकी म्हणाल्या. आजकालच्या मुलांचं लहानपण हरवलं, असं आम्ही चहाच्या वेळी सहज म्हणतो. ज्याच्या वाट्याला ते आलंच नव्हतं, तो माणूस आमच्या मुलांसाठी रोज वाट वाकडी करत होता, असं मी बोलून गेले.

सई म्हणाली, "तसं नव्हतं आई."

"म्हणजे?"

"ते आमच्यासाठी थांबायचे असं नाही काही. आमच्या आधी तेच उतरायचे. चपला गाडीत, पँट गुडघ्यापर्यंत वर. त्यांना चिंबोरी अजिबात धरता यायची नाही, नांगी कुठून पकडायची तेच कळायचं नाही. आम्ही शिकवलं त्यांना. ती आजी किती हसायची! 'बबन, तुला पोरांची अक्कल नाय' म्हणायची." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "मीटिंगनंतर त्या वळणावर आलो ना, की ते गाडी जरा हळू करायचे. थांबायचे नाहीत. आम्ही सगळे खिडकीतून बघायचो आणि तेपण बघायचे..."

काकींनी पदर डोळ्यांना लावला आणि भिंतीकडे हात केला. तिथं हार घातलेला काकांचा फोटो होता. असा फोटो कुणी हार घालायला निवडत नाही. तोंड उघडं, डोळे हसण्यानं मिटलेले, गालावर काळ्या चिखलाचा फराटा. डाव्या खांद्यावर सदरा मुठीत घट्ट धरलेली चार इवली बोटं, बाकीचं मूल फोटोच्या बाहेर. "स्टुडिओवाला म्हनला, हात पुसून टाकतो," काकी म्हणाल्या. "मी नको म्हनलं. हसतानाचा ह्यो एकच हाय."

सई उठून फोटोजवळ गेली. बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. मग काकींकडे वळून म्हणाली, "माझीच आहेत. मी त्यांच्या पाठीवर होते."