मावशीचं ‘होय’

“थांबा सर,” म्हणत मावशी उजवा तळहात वर करायची, रस्त्यावर जीप थांबवावी तसा. “हे गळ्याखाली उतरंना.”

लातूरच्या आमच्या चर्चमध्ये शनिवारी दुपारी मी विश्वासाच्या जुन्या कबुलीनाम्याचा वर्ग घ्यायचो. कित्येक पिढ्यांपूर्वी परदेशात लिहिलेली कलमं. एकेक वाचायचं, समजावायचं. शेवटी मंडळीसमोर उभं राहून प्रत्येक कलमाला ‘होय, मानतो’ म्हटलं, की प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत चर्चमध्ये वाटतात ती, भाकर मिळायची. तुम्ही अशा वर्गात बसला असाल तर ठाऊक असेल, सगळे भराभर होय म्हणतात. मीही म्हटलं होतं.

ही मावशी दवाखान्यात आया. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण ऐकलेलं कलम एक शब्द न गाळता म्हणायची. “पाठ झालं सर. पटायचं राहिलं.” सगळी माणसं पापी, हे मात्र तिला लगेच पटलं. “पंचवीस वरसं दवाखान्यात हाय मी!” म्हणाली. वर्ग हसला.

मग निवडीचं कलम आलं. कुणाला तारायचं ती माणसं देवानं जग घडवण्याआधीच निवडली, असं ते कलम. तळहात वर गेला.

“माझं लेकरू किल्लारीच्या भूकंपात गेलं, सर. दोन वरसाचं. तवा आमाला येशूचं नावबी ठाऊक नव्हतं. ते निवडलेल्यांत हाय का न्हाई?”

‘मला माहीत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “मावशी, मंडळीसमोर असलं विचारत नाहीत.”

“मग होय कसं म्हणू? त्याला बाहीर ठेवून मी आत जाऊ?”

चर्चचे पाळकसाहेब मनाचे मऊ. मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, तिचा विश्वास तर दिसतोय. तुम्ही म्हणत असाल तर घेऊ या.”

त्याच महिन्यात चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या निवडणुकीला मी उभा होतो. सर वर्ग सैल घेतात, असं कुणी म्हणायला नको होतं. मी म्हणालो, “तयारी नाही तिची.” ते कलम मलाही कधी पटलं नव्हतं, हे आज पहिल्यांदा सांगतोय.

मी निवडून आलो. भाकरीचं तबक फिरवू लागलो. भोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड तीच धुऊन, इस्त्री करून आणायची. तबक आलं की दोन्ही हातांनी धरायची आणि काही न घेता शेजारणीकडं द्यायची.

एकदा मी हळूच म्हणालो, “घ्या मावशी. कोण बघतंय?”

“ज्यानं बघायचं तो बघायलाय ना, सर.”

परवाच्या पावसाळ्यात ती गेली. ताप आला नि चार दिवसांत संपलं. भाकर तिनं चाखलीच नाही.

पुढच्या रविवारी मी कपाटातून कापड काढलं. तिनं घातलेल्या घड्या मेजावर पसरल्यावरही मोडेनात. सगळ्यांना वाढून झालं. शेवटी पाळकसाहेबांनी तबक माझ्यापुढं धरलं.

माझा उजवा तळहात वर गेला.