तानाबाईच्या अंड्यातलं पिवळं

आमची तानाबाई आत्ती कळंब्यात राहते आणि कोंबड्यांशी अहो-जाहो करते. "या की ओ, दाणं टिपा," असं ती अंगणातनं म्हणाली की रस्त्यानं जाणारा पावणासुद्धा आत वळून बघतो. माणसांना मात्र सरसकट अरे-तुरे, तलाठी असला तरी.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात शेजारच्या कुत्र्याच्या भीतीनं तिनं कोंबड्या जाळीत कोंडल्या आणि मुरगूडच्या भावाकडचा पांढरा मका आणून घातला. पांढरा म्हणजे एक नंबर, अशी तिची समजूत. पंधरवड्यानं खानावळवाली अंबूबाई दारात हजर. हातात चिरलेलं उकडलेलं अंडं, आतलं पिवळं अगदी पांढुरकं, आजारी माणसासारखं.

"तानाबाई, कुठल्या पोल्ट्रीतनं आणतीस गं?"

वीस वर्षं गावठी अंडी विकणाऱ्या बाईला हे विचारणं म्हणजे पैलवानाला लंगोट भाड्याचा हाय काय, असं विचारणं.

"पोल्ट्री तुझ्या डोळ्यात हाय," आत्ती म्हणाली.

"माझ्या पाटीवर 'गावठी' लिवलंय. गिऱ्हाईक मला हसतंय. बैलांच्या बेंदराच्या सणापर्यंत रंग आला न्हाय, तर तुझी अंडी बंद."

आत्तीनं लगेच लाल मका आणला. लाल खाल्लं की लाल उतरणार, यात शंका कसली? आठ दिवसांनी अंडं फोडलं. पुन्हा पांढुरकं.

मग तिनं जनावरांच्या दवाखान्यातले नागसेन डॉक्टर गाठले. त्यांनी तिचाच अडकित्ता मागून घेतला आणि लाल दाणा कातरला. साल लाल, आत सगळं पांढरं. मग पिवळा कातरला. तो आतनंही पिवळा.

"मावशी, लाल रंग नुसता सालीचा. पिवळ्यात कॅरोटिनॉइड असतं, ते अंड्यात उतरतं."

"त्याचं नाव ऱ्हाऊ दे. पोतं कुठं मिळंल ते सांग."

बेंदराच्या आदल्या दिवशी अंबूबाईनं नवं अंडं फोडलं. झेंडूसारखं पिवळं.

"आता रंग टोचतीस व्हय?"

आत्ती तडक घरी गेली, काखेत कोंबडी धरून परत आली आणि तिला खानावळीतल्या भाकरीच्या बुट्टीत ठेवली.

"घाला ओ, हिच्या डोळ्यांदेखत."

जेवणाऱ्यांचे घास हातातच राहिले. पाऊण तासानं कोंबडी ओरडत उठली. अंबूबाईनं गरम अंडं ताटलीत फोडलं. पिवळंधम्मक.

"ते हिकडं द्या, अंड्याची पोळी करून," कोपऱ्यातला एकजण म्हणाला.

अंबूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "रोजची वीस आण."

"पंचवीस," आत्ती म्हणाली. "पाच बदनामीची."