बाळंतिणीच्या खोलीतली बुरशी

“साहेब, भिंत पुन्हा काळी पडून राहिली जी,” करडी गावचे आनंदराव फोनवर म्हणाले.

आठवड्यापूर्वीच मी त्यांच्या घराचं काम संपवलं होतं. भंडाऱ्यात राहून ओल आणि लीकेजची कामं करतो, वीसेक वर्षं झाली. काम संपलेल्या घरून असा फोन आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. त्यातून ही खोली बाळंतिणीची. त्यांची मुलगी प्रियांका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं, आणि खोकला थांबत नव्हता. भिंतीवरच्या बुरशीचे कण श्वासात जातात, तेव्हा आधी ती भिंत नीट करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“तिचे सासरचे चार दिवसांनी येनार आहेत,” आनंदराव म्हणाले. “भिंत अशीच दिसली तं मायलेकराले घेऊन जातो म्हनतात. एवढ्या थंडीत, सव्वा महिन्याच्या आत! मी काय तोंड दाखवू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. वाटभर स्वतःवर चिडलेलो होतो. पहिल्या खेपेला मी स्लॅबवर चढलो, एक बारीक तडा सापडला, तो भरला, वरून वॉटरप्रूफिंगचा कोट दिला. आतली भिंत मात्र आनंदरावांच्या मोबाइलवर पाहिली होती, आणि ती पुसून घ्यायला घरच्यांनाच सांगितलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नाही. मला कुणी अडवलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं.

या खेपेलाही मी आधी स्लॅबवरच गेलो. कोरडा ठाक. बाहेरचं प्लास्टरही कोरडं. अंगणात डोकं खाजवत उभा होतो, तेवढ्यात आतून प्रियांकाचा आवाज आला.

“काका, बाहेरून काय पाहून राहिले? बुरशी आत आहे. या ना आत!”

तिच्या आईनं, कमलाबाईंनी, नवऱ्याकडे पाहिलं. आनंदरावांनी मान हलवली. मी चपला काढल्या.

उंबरठा ओलांडला आणि माझा चष्मा धुरकटला. पुढचं बघायला चष्म्याची गरजच नव्हती. खिडकीला खताच्या पिशवीचं प्लास्टिक ठोकलेलं. कोपऱ्यातल्या मोरीत कढत पाण्याची आंघोळ. दोरीवर ओली लंगोटं. खाट उत्तरेच्या भिंतीला चिकटलेली. खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, आणि बंद खोलीत तिचा विषारी वायू कोंडतो. तिला तर मी बुरशीपेक्षा जास्त घाबरलो.

चष्मा काढून कमलाबाईंच्या हातात दिला. “काच बाहेरून गार आली, म्हणून आतली वाफ हिच्यावर बसली. उत्तरेची भिंत अशीच गार आहे. पाणी वरून गळत नाहीये, ते खोलीतच तयार होतंय. खिडकी उघडावी लागेल.”

“खिडकी उघडली तं पोरीले वारा नाही लागनार?” त्या म्हणाल्या. “माह्या मायनं मले असंच ठेवलं होतं. तवा काहून बुरशी नाही आली?”

मी विचारलं, “तुमच्या माहेरचं घर कशाचं?”

“मातीचं. वर कवेलू.”

“कौलांच्या फटींतून वाफ निघून जायची. स्लॅबमधून कुठं जाणार?”

त्यांनी वर छताकडे पाहिलं. मग कुणाला न सांगता स्टुलावर चढल्या आणि ते प्लास्टिक स्वतःच टराटरा फाडलं.

बाकीचं सोपं होतं. मायलेकरांना अंगणातल्या उन्हात बसवून आम्ही भिंत औषधानं पुसली आणि पूर्ण वाळू दिली. लंगोटं बाहेर गेली, शेगडी गेली. खाट भिंतीपासून हातभर सरकली. रोज दुपारी दोघं उन्हात बसतील तेव्हा खिडकी-दार उघडं ठेवायचं, असं ठरलं.

सासरचे आले. प्रियांकाच्या सासूबाईंनी भिंतीवरून हात फिरवला, बोटं पाहिली, चहा घेतला आणि मायलेकरांना इथंच ठेवून परत गेल्या. बाळाचा खोकला पुढच्या आठवड्यात उतरला.

आनंदरावांनी फोन करून आभार मानले. मला लाज वाटली. स्लॅबवरचा तडा खरा होता, भरला ते बरंच झालं. पण त्या तड्यामुळे लेकरू खोकत नव्हतं. “आत येऊ का?” एवढं विचारायला मला संकोच वाटला, त्या संकोचाला मी मर्यादा समजलो, आणि तान्हं बाळ आणखी आठवडाभर त्या हवेत श्वास घेत राहिलं.