समोरच्याच्या दारातली माझी चौकट

भांडी बाजारातल्या दुकानांचे नवे दर्शनी भाग तपासायला एक बाई आल्या होत्या. सर्वांत शोभेल त्या दुकानाचा फोटो बाजाराच्या कमानीवर लागणार होता. माझ्या दुकानाची काच इतकी लखलखीत, की रामकुंडावरची कबुतरंसुद्धा तिच्यात बघून भांग पाडतात! बाईंनी तिच्यात बघून चष्मा सारखा केला आणि समोरच्या दुकानाकडे वळल्या. तिथे मात्र त्यांनी पायरीखाली चपला काढल्या. तापल्या पोराचं कपाळ चाचपावं तसा कोरीव चौकटीवरून हात फिरवला. मी गल्ला सोडून दारात आलो.

“ही कुठे मिळाली, काका?”

समोरच्याने माझ्याकडे बोट केलं. “शेठनीच काढून दिली. म्हणाले, ने, बंब पेटवायला होईल.”

बाई रस्ता ओलांडून आल्या. “का काढलीत हो?”

“दुकान मोठं दिसावं म्हणून.”

काचेकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, “दिसतं की.”

त्यापेक्षा शिवी परवडली असती. फोटो समोरच्याचा लागला. हल्ली त्याच्याकडे चहाला गेलो की मीही चपला काढतो आणि चोरून चौकटीवर हात फिरवतो. परवा तो गल्ल्यावरून ओरडला, “काय शेठ, बंब पेटवायचाय का?”