मी लिहिलेली राणी

दुपारची जेवणं झाली आहेत. घोंगडीवर आडवी होऊन मी मटकी निवडते आहे. सुपातला खडा बोटाला लागतो, मग लागेनासा होतो. डोळे मिटलेत की उघडे आहेत, कळत नाही. उंबऱ्याशी मैनाक्का उभी आहे, माझी थोरली जाऊ. गेल्या माघात ती माहेरी वारली. तिच्या मातीला मी गेले नव्हते.

"धाकले, पाय आखडून घे. मला आत येऊ दे."

तिच्या अंगावर जरीचं लुगडं आहे, डोक्यावर मुकुट. मुकुट जड असावा, मान एका बाजूला कलली आहे.

"आक्का, हे काय सोंग?"

"तूच घातलंस की. मेल्यावर दुसरा जन्म मिळाला तो तुझ्या गोष्टीत. दुष्ट राणीचा."

मी उठून बसते तर आमचं घर नाही. खांब उंच गेले आहेत, वर छप्पर दिसत नाही. चुलीच्या जागी सिंहासन आहे, त्याखाली आमचीच राख. पायरीवर सात वर्षांची राजकन्या राणीच्या पदराचे दोरे उसवत बसली आहे. ती हौसा आहे, आक्काची सावत्र लेक. पन्नास वर्षांमागे वांत्या होऊन एका दिवसात गेली.

"हिला न्हाऊ घालते, वेणी घालते," आक्का सांगते. "उवा काढते. राजवाड्यातसुद्धा उवा असतात गं." ती हसते आणि हसू तिथंच थांबतं. "मग खिरीची वाटी येते. रोज येते. ती मला हिला द्यावी लागते."

"देऊ नको."

"राणीनं विष दिलं, असं लिहिलंस ना? तोंडी सांगायचीस तोवर बरं होतं. कधी पोरं मधेच झोपायची, कधी तू विसरायचीस. तेवढे दिवस ही जगायची. आता शाळेच्या भिंतीवर लावलंय. पोरं शेवटपर्यंत वाचतात."

खरं आहे. साठीनंतर मी साक्षरतेच्या वर्गाला बसले. अक्षरं आली तशा बाई म्हणाल्या, स्वतःचं काहीतरी लिहा. मी आक्काला राणी केलं, हौसाला राजकन्या. बाईंनी तो कागद शाळेत लावला.

बघते तर आता आम्ही शेताच्या बांधावर आहोत. सिंहासन एरंडाखाली आहे. हौसा उकिडवी बसून काहीतरी फोडून खाते आहे.

"काय खाती ती?" आक्का विचारते. "मी बाजाराला गेले होते. पोर तुझ्यापाशी होती."

"एरंडाच्या बिया. मी पाहिलं होतं. हातात खुरपं होतं. म्हटलं, कडू लागलं की थुंकेल."

"आणि मग?"

"मग ती गेली. सगळे विचारायला लागले. माझ्यावर येईल म्हणून मी म्हटलं, आक्कानं ताटात काय वाढलं कुणास ठाऊक."

तेवढ्या एका बोलण्यावर भावोजींनी तिला माहेरी धाडलं. ती परत आली नाही.

आक्का रागावत नाही. मला त्याचंच भय वाटतं. ती वाटी माझ्या हातात देते.

"माझ्यानं थांबत नाही. तू लिहिणारी, तू ओतून टाक."

मी वाटी उपडी करायला जाते. हात वळत नाही. तो हौसाच्या तोंडाकडे निघतो. मी दुसऱ्या हातानं तो मागं ओढते, तरी पुढंच जातो.

"काकी, नको," हौसा म्हणते. दोन्ही हातांनी ती माझं मनगट धरते. "काकी, नको गं!"

"आक्का, हिला ओढ! उचलून घे!"

आक्का जागची हलत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं आहे.

"मी हिला उचललं, असं कुठं लिहिलंयस तू?"

मटकी अंगाखाली सांडली आहे. ऊन भिंतीवर चढलं आहे. सून माझा हात उलटून बघते आहे.

"आत्याबाई, मांजरानं ओरबाडलं का?"

मनगटावर नखांचे चार वळ आहेत. बारीक, एकमेकांलगत. एकातून रक्त आलं आहे. सून हळद आणायला उठते. मी तिचा पदर धरते.

"हळद नको. शाळेतला तो कागद काढून आणते. तोवर असंच राहू दे."