गुरुवारची दुसरी आंघोळ

यंगडो बेटावरच्या गोदीत यॉम मालसुनने वीस वर्षं जहाजांचा गंज हातोडीने झाडला. दोराने टांगलेल्या फळीवर बसून दिवसभर ठोकाठोक. त्यात तिचा डावा कान गेला. पुढे गोदीतली कामं आटली तेव्हा पन्नाशीला ती ‘उबदार हात’मध्ये लागली. ही कंपनी म्हणे धंदाही करायची आणि समाजसेवाही. अंथरुणाला खिळलेल्या गरीब म्हाताऱ्यांना घरी जाऊन आंघोळ घालायचं काम प्रभाग कचेरीने या कंपनीकडे सोपवलं होतं. पाण्याची टाकी आणि रबरी टब असलेली गाडी मी चालवायचो.

कंपनीचा संचालक प्यो छांगसिक. सात वर्षं मी त्याला जवळून पाहिला, पण त्याला नेमकं काय येत होतं हे अजून सांगता येणार नाही. भाषण यायचं, ते मान्य. म्हातारीचा हात हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघायचीही त्याची एक तऱ्हा होती. फोटो निघाला की हात सोडायचा आणि खिशातल्या ओल्या कागदाने बोटं पुसायचा. दर वेळी पुसायचा.

चढावरच्या वस्तीत थाक पुननआजी राहायच्या. चौऱ्याऐंशीच्या. गोदीत एकेकाळी त्या आणि मालसुन एकाच फळीवर बसायच्या. अर्धांगाने आजींची वाचा गेली होती, एकच हात चालायचा. मालसुनशिवाय कुणाला त्या अंगाला हात लावू देत नसत.

एका फेब्रुवारीत सोलहून पाहणी समिती येणार होती. प्योने आजींचंच घर निवडलं, कारण तिथून मागे समुद्र दिसतो. वेळ ठरली होती गुरुवारी सकाळी अकराची. बारा वाजून गेले तरी कुणी येईना, तेव्हा मालसुनने आंघोळ उरकली, आजींना पेज भरवली आणि निजवलं.

अडीच वाजता प्यो तीन पाहुणे आणि फोटोवाला घेऊन धापा टाकत आला.

"झालीसुद्धा आंघोळ?"

"पाणी निवत होतं, साहेब."

"मग परत घाला. खांद्यापर्यंतच. पाच मिनिटांचं काम."

"कागदासारखी कातडी झालीय त्यांची. आत्ताच पेज खाऊन पडल्यात."

"मावशी, या पाहणीवर आपल्या सगळ्यांचं पोट आहे. तुमचंही." मग तो आजींवर वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने म्हणाला, "आजी, तुम्हाला आवडते ना आंघोळ?"

आजींनी चालत्या हाताने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"बघा, हो म्हणतायत," प्यो पाहुण्यांना म्हणाला.

आणि मी काय केलं? खाली जाऊन पाणी तापवलं, नळी वर आणली, टब भरला. मला बायको होती, दोन मुलं होती. अशी कारणं प्रत्येकाकडे असतात, माझी काही जास्त चांगली नव्हती.

टब भरल्यावर मालसुनने कोपर बुडवून पाणी पाहिलं. "छान तापलंय. काढा कपडे, साहेब."

"कुणाचे?"

"तुमचे. फोटो आंघोळीचाच हवाय ना? कुणाच्या, ते तर कुणी सांगितलेलं नाही."

समितीतली एक बाई हसली आणि तिने ते खोकल्यात लपवलं. दुसऱ्याने घड्याळ पाहिलं. तिसरा, हुद्द्याने सगळ्यांत मोठा, शांतपणे म्हणाला, "राहू द्या हो. टबाशेजारीच एक काढू." एवढ्या थोर माणसांना तेवढंच पुरेसं होतं. प्योने बाह्या दुमडल्या, कोरडा स्पंज हातात धरला आणि नुसत्या पाण्याने भरलेल्या टबाकडे मायेने पाहिलं.

त्या फोटोला बक्षीस मिळालं. कार्यालयाच्या दारात तो चौकटीत लागला. त्यात आंघोळ करणारं कुणीच नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी एकालाही खटकलं नाही.

करार संपताच मालसुनला सांगण्यात आलं की तुम्हाला कमी ऐकू येतं, लाभार्थींच्या गरजा तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. ती बाजारामागच्या सार्वजनिक न्हाणीघरात गिऱ्हाइकांचं अंग घासायला लागली. आजींकडे नवी बाई गेली, तर आजींनी तिला सदऱ्याची गुंडीही काढू दिली नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मालसुनच चढ चढून जायची. हे प्योला कळलं आणि त्याने वार्षिक अहवालात तिला ‘आमची स्वयंसेविका’ करून टाकलं.

मी तिला तो अहवाल दाखवला. "नाव तरी धड लिहिलंय?" तिने विचारलं.

"मालसुक लिहिलंय."

"मग असेल दुसरी कुणी," म्हणत ती टॉवेल पिळत राहिली.

पुढच्या शरदात आजी गेल्या. प्योने फुलांचं मोठं चक्र पाठवलं. फितीवर कंपनीचं नाव हातभर अक्षरात, आजींचं कुठेच नाही. मालसुनने ते तोंड भिंतीकडे करून ठेवलं आणि मयताला आलेल्यांना रीतीप्रमाणे रस्सा वाढायला गेली.