याहाच्या डब्यातली कोयीची पूड

आधी डब्याचं सांगते. चुलीमागच्या फळीवर एक पत्र्याचा डबा आहे, त्यात आंब्याच्या कोयीची पूड, आणि ती आमच्या याहानं, म्हणजे आईनं, दळलेली. याहा होळीआधी गेली. पूड अजून आहे. वर तिच्या बोटांच्या खुणासुद्धा तशाच.

अक्कलकुव्याच्या वर आमच्या डोंगरात उन्हाळाभर आमचूर चालतं. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, खाटेवर वाळवायच्या. साली नि कोयी घरामागं ढिगात. याहा त्यातल्या कोयी उचलून आणायची, फोडून आतला गर भिजवायची, तुरटपणा उतरला की वाळवून जात्यावर दळायची. कुणाचं पोट बिघडलं की चिमूटभर ताकात.

आणि यंदा कॉलेजात मॅडम काय शिकवतात, तर फळांच्या कारखान्यात जे फेकून देतात ना, साली, कोयी, त्यातच पॉलिफेनॉल भरपूर असतात. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन, त्यांचाच एक प्रकार. त्यानं शरीरातली झीज कमी होते का, याचा लोक अजून शोध घेतायत. म्हणजे याहा गर भिजवलेलं जे पाणी ओतून द्यायची त्यातच बरंचसं जात असणार. मॅडम बोलत होत्या आणि मला ते पाणी अंगणात मुरताना दिसत होतं. प्रोजेक्ट तिथंच ठरला.

सुट्टीत घरी आले नि लगेच डबा मागितला.

"दोन चमचे फक्त, बा. तपासायचीय."

बा फोडी उलटत होता. "त्यात तुझ्या याहाचा हात आहे."

"हात नाही बा, टॅनिन आहे."

"असेल. तेही तिनंच ठेवलं." त्यानं डबा फळीवर अजून आत सरकवला. "मागं ढीग पडलाय. तुझं तू दळ."

मग मी कोयी आणल्या. अर्ध्या भिजवून, अर्ध्या तशाच, म्हणजे फरक कळेल. वाळल्यावर उजाडायच्या आधीच जात्यावर बसले, कारण नंतर ऊन फार होतं. बा बाहेर खाटेवर झोपलेला. घरघर सुरू झाली आणि थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, झोपेतला, एकदम मऊ.

"ए पोरीची याहा, हळू दळ. पोरगी झोपलीय."

थांबले असते तर तो जागा झाला असता, नि त्याला सगळं आठवलं असतं.

म्हणून हळू दळत राहिले. पूड केव्हाच बारीक झाली होती.